उजवीकडे वळणारा सायकलस्वार

आजीचा दिवस चहानं सुरू होत नसे, चावीनं सुरू होई. सकाळची कामं हातावेगळी झाली की ती बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट उघडी, एक खेळणं काढून टेबलावर ठेवी आणि त्याला चावी देई. कोणतं खेळणं, ते वाराप्रमाणे ठरलेलं असे. ह्यात श्रद्धेचा भाग नव्हता. स्प्रिंग महिनोन्महिने निजून राहिली की आखडते, एवढंच कारण होतं आणि विचारणाऱ्याला ती तेच सांगे. मात्र पत्र्याची कोंबडी टेबलावर टकटक दाणे टिपू लागली, की आजी खुर्चीत मागे टेकून बसे आणि कोंबडी थांबेपर्यंत जागची हलत नसे. दाराची घंटा वाजली तरी नाही. ह्याला स्प्रिंगच्या शास्त्रात काही आधार नव्हता.

मग सुईच्या टोकावर तेलाचा थेंब घेऊन तो दातेरी चाकांमध्ये सोडायचा. मऊ फडक्यानं बोटांचे ठसे पुसायचे. पत्रा आणि तेल यांचा मिळून एक वास येतो, तो श्वास भरून घ्यायचा. शाळा सुटली की नात येई. तिला घरात सगळे ठकी म्हणत. आई कामावरून परतेपर्यंत तिचा मुक्काम इथेच. हात धुऊन, पुसून, कोरडे करून दाखवले की ठकीला उडी मारणारा बेडूक मिळे. न रंगवलेल्या, उघड्या पत्र्याचा हा बेडूक जमिनीवरून उडून कुठे पडेल, यावर दोघी पैज लावत, आणि आजी ती बहुधा हरे. बेडकाच्या स्वभावात नियम सापडत नाही, अशी तिची तक्रार होती.

उभी नोकरी तिनं एका रंगाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत केली होती. रंग ऊन किती सोसतो, पाणी किती सोसतो, ओरखड्याला किती दाद देतो, हे ठरवायचं काम. साहेब आपल्या मालाविषयी जे म्हणतात ते खरं नाही असं धरून दिवस सुरू करायचा आणि त्यातलं जेवढं सिद्ध होईल तेवढंच संध्याकाळपर्यंत मान्य करायचं, ही सवय तिनं निवृत्त होताना घरी आणली. अमक्या गोळ्यांनी गुडघ्यांना फरक पडला असं शेजारीण म्हणाली, की आजी विचारी, "कशाच्या तुलनेत?" शेजारीण हल्ली गुडघ्यांबद्दल आजोबांशी बोलत असे.

जुन्या बाजारात तर तिचा दरारा होता. "शंभर वर्षांपूर्वीचं आहे, ताई" असं म्हणणाऱ्या दुकानदारासमोर ती पर्समधून कापसाचा बोळा आणि स्पिरिटची लहान बाटली काढी आणि खेळण्याच्या पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, हलकेच घासून पाही. भट्टीत भाजलेला जुना रंग स्पिरिटला भीक घालत नाही. घरी ब्रशानं फासलेला अलीकडचा रंग मुकाट्यानं कापसावर उतरतो. कित्येक दुकानदारांचं पितळ तिनं त्या बोळ्यानं उघडं पाडलं होतं. कपाटातल्या प्रत्येक रंगीत खेळण्याची अशी परीक्षा झाली होती.

अपवाद एकच. मधल्या खणातला सायकलस्वार.

तो तिच्या लहानपणीचा होता. लाल सदऱ्याचा, हिरव्या टोपीचा, पत्र्याचा सायकलवाला. धाकटा भाऊ एकदा त्याच्यावर बसला आणि पुढचं चाक वाकलं. तेव्हापासून तो सरळ जाणं विसरला आणि उजवीकडे वळत राहिला. टोपीचा एक टवका उडालेला, एक पेडल तुटलेलं. घर बदलताना तो हरवला. ही हकिकत आजीनं लग्नानंतर आजोबांना इतक्या वेळा सांगितली होती की ती मध्येच थांबली तर पुढचं आजोबा पुरवत.

आणि तीनेक वर्षांपूर्वी एका दुपारी आजोबांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणून तिच्या हातात दिला. जुन्या सामानाच्या दुकानात, ते म्हणाले, पंख्यांच्या मोडक्या पात्यांच्या ढिगाखाली दबला होता. आजीनं पुडी सोडली. टोपी पाहिली, टवका पाहिला, पेडल पाहिलं. चावी देऊन जमिनीवर सोडला. सायकलस्वार उजवीकडे वळला, आणि आजी होती तिथेच फरशीवर बसून रडली.

त्याची चाचणी करावी असं तिच्या मनातही आलं नाही. पोटच्या पोराला ओळखपत्र कोण मागतं?

आजोबांविषयीही ती तशीच निर्धास्त होती. त्यांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे येत आणि आजोबा मागच्या खोलीत बसून असे दात घडवत की ते घालणाराच काही दिवसांत विसरून जाई. खोटं बोलणं मात्र त्यांना साधत नसे, असा आजीचा अनुभव होता. गोड खाल्लं की चेहऱ्यावर दिसे. डॉक्टरकडे गेले नसले की आवाजात कळे. "तुमच्याकडे पाहिलं की रिपोर्ट वाचायला नको," असं ती म्हणे, आणि आजोबा हसून मान्य करत.

मग तीन वर्षांनी भाऊ दोन दिवसांसाठी आला. साठी उलटली तरी तिच्या लेखी तो छोट्याच होता. परगावी असल्यामुळे सायकलस्वार त्यानं फक्त फोनवरच्या फोटोत पाहिलेला. चहा घेता घेता आजीनं मोठ्या थाटानं तो फरशीवर सोडला.

छोट्यानं बशी खाली ठेवली. "ताई, हा उलटा का फिरतोय?"

"उलटा कुठे? उजवीकडेच फिरायचा तो. तुझीच कृपा."

"बसलो होतो मी, ते कबूल. पण फिरायचा डावीकडे."

"चार वर्षांचा होतास तू."

"आणि तू सातची. तेव्हा काही तू प्रयोगशाळेत नव्हतीस."

"छोट्या, मी ही गोष्ट आयुष्यभर सांगत आलेय."

"तेच तर. सांगणारी तू, आणि ऐकणारे भाऊजी. त्यांना कुठे माहीत होतं आपलं घर?" तो आजोबांकडे वळून हसला. "बरं, एवढंच सांग. तो जाऊन अडकायचा कुठे?"

"कपाटाखाली. आई झाडूच्या दांड्यानं बाहेर काढायची."

"आणि आपण सोडायचो कुठून?"

"दारातून. उंबरठ्याला टेकवून."

"मग दारातून कपाट कुठल्या हाताला?"

आजीनं मनात ती खोली उभी केली. दारातून आत शिरताना उजव्या हाताला खिडकी होती. खिडकीखाली आईचं शिवणाचं मशीन. मशीनपाशी सकाळचं ऊन येई. कपाट समोरच्या भिंतीला, डाव्या हाताला.

"भाऊजी, आता तुम्हीच न्याय करा," छोट्या म्हणाला. पण आजोबा कपबश्या गोळा करून आत गेले होते. बश्यांमध्ये अजून चहा होता, हे आजीच्या लक्षात आलं ते बऱ्याच नंतर.

छोट्याला गाडीत बसवून आली आणि तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर ती खोली काढून पाहिली. कितीही वेळा काढली तरी कपाट डावीकडेच येत होतं. म्हणजे चूक तिची होती. आठवणीत डावं-उजवं बदलणं ही मोठीशी गोष्ट नाही. चूक कधीतरी झाली असेल आणि सांगून सांगून मुरली असेल. इथवर तिची तक्रार नव्हती. पण मग टेबलावरचा सायकलस्वार उजवीकडे का वळत होता?

तिनं त्याची बाजू प्रामाणिकपणे लढवून पाहिली. मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या पोरानं चाक सरळ करायला जाऊन पलीकडे वाकवलं असेल. शक्य होतं. दिशा दोनच, तेव्हा योगायोगालाही निम्मी संधी होतीच. तिनं भिंग घेऊन तो पुन्हा पाहिला. टोपीचा टवका होता. पेडल तुटलेलं होतं. सदऱ्याची तिसरी गुंडी पुसट होती. ती जे जे सांगत आली होती ते सगळं होतं. आणि भिंग डोळ्याशी धरलेलं असतानाच तिला कळलं की खरी भीती ह्याच गोष्टीची आहे. तिनं सांगितलेलं सगळं त्यात होतं. ती विसरली असेल असं मात्र काहीच नव्हतं. खरी जुनी वस्तू हाती आली की तिच्यावर एखादी तरी खूण अशी निघते की माणूस म्हणतं, अरेच्चा, हे तर मी विसरलेच होते. ह्या सायकलस्वारानं तीन वर्षांत तिला एकदाही तसं म्हणायला लावलं नव्हतं. त्याला तेवढंच ठाऊक होतं, जेवढं ती बोलली होती. तिची चूकसुद्धा त्यानं इमानानं पाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा भाजी आणायला बाहेर पडले आणि आजीनं स्पिरिटची बाटली काढली. पोटाखालची लपलेली जागा तिनं शोधली नाही. सरळ पाठीवर बोळा टेकवला.

लाल रंग कापसावर आला. ती घासत राहिली. लालाखाली पांढरं अस्तर, आणि अस्तराखाली छापील पत्रा. त्यावर काळ्या उभ्या रेघा, काही जाड, काही बारीक, आणि खाली अर्धवट कापलेले आकडे. तिच्या बालपणीच्या सायकलस्वाराच्या पाठीवर बारकोड होता.

पत्रा ज्या डब्यातून कापला होता, तो डबाही तिनं ओळखला. बिस्किटांचा तो डबा दोऱ्याची रिळं ठेवायला स्वयंपाकघरात असे. एक दिवस तो दिसेना म्हणून तिनं विचारलं, तेव्हा झाकण गंजलं म्हणून टाकून दिल्याचं आजोबांनी सांगितलं होतं. गोड खाल्ल्यासारखा चेहरा त्या वेळी झाला नव्हता.

आजोबा पिशवी घेऊन आले तेव्हा टेबलावर एका बशीत लाल कापूस होता आणि शेजारी सायकलस्वार, पाठ वर करून पालथा.

त्यांनी पिशवी हळूच खाली ठेवली.

"पंख्यांची पाती," आजी म्हणाली. "ती कशाला घातलीत गोष्टीत?"

"नुसतं दुकानात मिळाला म्हटलं असतं, तर तू चार प्रश्न विचारले असतेस."

उत्तर खरं होतं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. आपल्या स्वभावाचा इतका बारीक अभ्यास कोणीतरी केला होता, आणि तो आपल्याला चुकवण्यासाठी वापरला होता.

"अगं, गंमत म्हणून केला होता. हाताला काम नव्हतं. कवळ्या बंद झाल्या, दिवस जाईना. चहा झाला की सांगणारच होतो."

"मग?"

"तू रडलीस."

"म्हणून तीन वर्षं गप्प बसलात?"

"तुला इतकं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुझी आई गेली तेव्हासुद्धा नाही. त्यानंतर सांगायचं तरी कसं?"

"शब्दांत," आजी म्हणाली.

आजोबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. बसायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि आपल्याच घरात ते वाट पाहत होते.

"वाचनालयातलं माझं व्याख्यान आठवतंय?" तिनं विचारलं.

त्यांना आठवत नसणं शक्य नव्हतं. हौशी संग्राहकांच्या बैठकीत, भरल्या सभागृहात, खरं खेळणं कसं ओळखावं ह्यावर ती बोलली होती. नमुना म्हणून सायकलस्वारच नेला होता. जुना रंग कसा जिरलेला दिसतो, टवक्याची कड काळानं कशी बोथट होते, हे तिनं एकेक दाखवलं आणि लोकांनी भिंगातून पाहून माना डोलावल्या. दिवा धरून आजोबा शेजारी उभे होते.

"दिवा तूच धरायला सांगितला होतास," ते पुटपुटले.

"टवक्याची कड बोथट कशानं केलीत?"

"पॉलिशच्या चाकानं. दातांच्या."

"मी काळ म्हणाले होते."

"छान बोलली होतीस तू."

"सगळ्यांसमोर मला तोंडघशी पाडलंत, आणि ते फक्त तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं एकट्यानं पाहत होतात." आजीचा आवाज चढला नाही. कारखान्यातही अहवाल वाचताना तो चढत नसे. "कपाटातलं आणखी काय काय तुमचं आहे?"

"काही नाही. हा एकच."

"कशावरून?"

"मी सांगतोय ना."

हे शब्द ऐकून आजोबांनाच कसंसं झालं असावं, कारण ते पिशवी उचलून आत निघून गेले.

कारखान्यात एखाद्या यंत्रानं मनचा आकडा दिल्याचं उघडकीला आलं, तर तेवढाच आकडा खोडून भागत नसे. त्या यंत्रावर मागे घेतलेलं प्रत्येक मापन संशयित ठरे. नोंदी बाजूला काढून सगळं पुन्हा तपासावं लागे. आजी कपाटासमोर उभी राहिली. ह्यातली बरीच खेळणी आजोबांनी शोधून आणलेली होती. रंगीत होती ती कापसाच्या कसोटीला उतरलेली. पण त्यात नुसत्या पत्र्याची होती, नुसत्या लाकडाची होती. ज्याच्यावर रंगच नाही त्याला स्पिरिट काय विचारणार? आणि कपाटापुरतं तरी हे थांबत होतं कुठे? भाजी छान झालीय, तुझे केस असेच बरे दिसतात, मला बाहेर जायचंच नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारातलं एकेक मापन तिच्यासमोर येऊन रांगेत उभं राहू लागलं. तिनं कपाटाची काच लावून घेतली.

दुपारी ठकी आली. पालथ्या सायकलस्वाराकडे तिनं दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"ह्याला काय झालं?"

"तो खोटा निघाला."

"मग मी घेऊ? न धुतलेल्या हातांनी?"

"घे."

ठकीनं त्याला पलंगावरून, उशीवरून, शेवटी आजोबांच्या चपलेवरून चालवला. "आजी, पण हा चालतोय की. मग खोटं काय आहे?"

"तो खोटं बोलला नाही," आजी म्हणाली. "त्याला बोलता येत नाही." ठकीला हे पटलं आणि ती सायकलस्वाराला घेऊन गॅलरीत गेली.

मागच्या खोलीचं दार आजीनं वाजवलं नाही, तशी पद्धत त्या घरात नव्हती. आजोबा कामाच्या टेबलाशी काहीही न करता बसले होते. भिंतीवर कानशी आणि चिमटे आकारानं लावलेले, खिडकीत प्लॅस्टरचे जबडे ओळीनं ठेवलेले, कोणाचे ते आता कोणालाच सांगता आलं नसतं.

"माझ्यासमोर एक बनवा," ती म्हणाली.

"काय?"

"खेळणं. साधी होडी करा, रंगवू नका. मला तुमचा हात ओळखता यायला हवा. एकदा तो ओळखता आला, की कपाटात आणखी कुठे आहे की नाही ते माझं मी पाहीन. तुम्हाला विचारावं लागणार नाही."

"विचारलंस तर सांगेन ना मी."

"त्याचाच तर प्रश्न आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. नेहमीच्या सवयीनं तिनं हा चेहरा वाचला असता, पण ते साधन आता तिनं वापरातून काढलं होतं. ती स्टूल ओढून बसली आणि त्यांच्या हातांकडे पाहू लागली.

त्यांनी पत्र्याचा तुकडा घेतला, पेन्सिलीनं होडीचा आकार काढला, कात्री लावली. बुडाची कड कापताना कात्री दोनदा रेघेबाहेर गेली. कानस फिरवली ती घाईघाईनं, खालून वर, आणि पत्र्यावर आडवेतिडवे ओरखडे उठले. सोल्डर तापलं. सांध्यावर त्याचा बेढब गोळा झाला, एक थेंब ओघळून खाली गोठला. आजोबा म्हणाले, "सवय राहिली नाही गं आता."

आजी पाहत राहिली. हे हात तिनं पूर्वी पाहिले होते. तारेचा नखाएवढा आकडा वळवताना, दाढेवर चढणारं टोपण कागदाइतकं पातळ करताना. तीन वर्षांपूर्वी ह्याच हातांनी तिला, तिच्या भिंगाला आणि भरल्या सभागृहाला चकवेल असा माणूस घडवला होता. हात थरथरत नव्हता. आज सकाळी त्यांनी काठोकाठ भरलेला चहा तिच्यापुढे ठेवला होता, बशीत थेंब न सांडता. कात्री रेघेबाहेर जात होती ती दर वेळी सारखीच, एकाच बाजूला, थोडीशी. चुकतानाही ते नीटनेटके होते.

ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, तो माणूस वाईट काम करून दाखवण्याची मेहनत कशाला घेईल?

प्रश्न तिच्या मनात एखाद्या सूत्रासारखा उभा राहिला आणि त्याचं उत्तरही त्याच्या शेजारी येऊन बसलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. आलं ते वेगळंच. ऊन खाऊन रंगाचा पापुद्रा सुटतो, तसं काहीतरी आतून, अजिबात आवाज न करता सुटत गेलं.

"नीट करा," ती म्हणाली. "नेहमी करता तसं."

आजोबांचा हात जागीच थांबला. सोल्डरचा धूर दोघांच्या मधून खिडकीकडे गेला. त्यांनी सोल्डरिंगचं आयर्न स्टँडवर ठेवलं, होडी बाजूला सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"तुला आवडायचं म्हणून," ते म्हणाले. "कपाट उघडलंस की तुझा चेहरा..."

"चेहऱ्याचं राहू द्या."

गॅलरीतून ठकीची हाक आली, आजी, बेडूक दे ना. आजोबांनी मान वळवली आणि उघड्या दारातून त्यांची नजर बैठकीतल्या कपाटावर गेली. तिथे ती एका खणावर थोडा वेळ टिकली, मग आणखी एका खणावर.

कोणत्या, ते आजीला बसल्या जागेवरून सहज दिसलं असतं. ती वळली नाही. समोरच्या कच्च्या होडीच्या सांध्याकडे पाहत ती म्हणाली, "ठकी, आज नको, बाळा."